मुंढ्याचं माप

"सर, मला तुमचा खांदाच दिसत नाहीये."

आमच्या जिममधला ट्रेनर हे म्हणाला तेव्हा मी दोन्ही हातांत साडेसात-साडेसात किलोचे डंबेल्स घेऊन शोल्डर प्रेस मारत होतो. तिसरा सेट, आठवा रेप, म्हणजे तीच हालचाल आठव्यांदा. दोन महिने माझा उजवा खांदा दुखत होता. गाडीचा सीटबेल्ट ओढायला हात मागे नेला की कळ यायची, मागच्या खिशातलं पाकीट काढताना यायची. ट्रेनर पंढरपूरकडचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, बोलणं मोजकं. तो माझ्या मागे उभा राहून आरशात बघत होता, आणि माझ्या अंगात होता कोपरापर्यंत बाह्यांचा, मांड्यांवर लोंबणारा राखाडी टी-शर्ट.

"हात वर नेताना उजवा खांदा आधीच कानाकडे चढतोय असं वाटतंय. पण नुसतं वाटतंय. आत काय चाललंय ते कळत नाही. उद्या सँडो घालून या."

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तोच टी-शर्ट घालून गेलो. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी जिमला गेलोच नाही.

मला दंड उघडे टाकायची लाज वाटत होती. वय चव्वेचाळीस, भोसरीतल्या एका कारखान्यात डिझाइनचं काम, दोन मुलांचा बाप, आणि दंडांची लाज. तिचं मूळ मला नेमकं ठाऊक आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी गॅदरिंगला कोळीनृत्य बसवलं होतं. मुलांनी बिनबाह्यांचं बनियन, लुंगी आणि डोक्याला रुमाल असा पोशाख. माझं वजन तेव्हा ४९ किलो. रंगीत तालमीला मी बनियन घालून विंगेतून बाहेर आलो आणि बसवणारा मुलगा म्हणाला, "याला सदरा घालू द्या रे, याच्या बरगड्या मागच्या रांगेतूनही मोजता येतील." सगळे हसले. मला सदरा मिळाला आणि मागच्या रांगेतली जागा. त्यानंतर पंचवीस वर्षं मी अर्ध्या बाह्यांचा शर्टही एक नंबर मोठाच घेत आलो, बाही कोपरापर्यंत यावी म्हणून. दोन वर्षांपूर्वी जिम लावली, अंग भरलं, बेटकुळी दिसायला लागली, तरी कपडे ४९ किलोच्या मुलाचेच राहिले.

याच पुण्यात माझ्या लहानपणी अंगात नुसतं बनियन असणं ही साधी गोष्ट होती. शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यात संध्याकाळी सहा वाजले की पुरुषमंडळी ओट्यावर येऊन बसायची आणि एकाच्याही अंगात सदरा नसायचा. कुणी बंडी, कुणी गंजीफ्रॉक. पोटं सुटलेली, दंड उतरलेले, पाठीवर घामोळं, आणि कुणाला काही वाटत नव्हतं. आजोबा पोस्टमनकडून पत्रं घ्यायला, भाजीवाल्याशी घासाघीस करायला, कोपऱ्यावरून पान आणायला बनियनवरच जायचे. फक्त व्याही येणार असले की आतून हाक यायची, "सदरा द्या गं."

आजोबा लहानपणी तालमीत जायचे. पुण्याच्या पेठांमध्ये अजूनही चौकांना आणि गणपती मंडळांना तालमींची नावं आहेत. मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा, मग खालकर तालीम, चिंचेची तालीम. आज त्या नावांच्या चौकात रिक्षा उभ्या असतात आणि नाव घेताना आत माती होती हे आपल्या मनातही येत नाही. आजोबा सांगायचे की हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालायचे, आणि अंगावर लंगोट सोडला तर चिंधी नसायची. मुलगा आत आला की वस्ताद त्याला आधी पाठमोरा उभा करायचे. "पाठ बघू." मग दोन्ही हात वर, मग बैठक. कुठला खांदा पडलाय, कुठली मांडी कमी पडते, हे वस्तादांना नजरेनं समजायचं. आजोबांच्या तोंडून हे कितीदा तरी ऐकलं होतं. आणि "सर, मला तुमचा खांदा दिसत नाहीये" हेही तेच वाक्य आहे, हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले. तो मुलगा वस्तादांचंच काम करत होता. मी त्याला पाठ दाखवत नव्हतो.

या एवढ्याशा कपड्याला आपल्याकडे जितकी नावं आहेत तितकी धोतरालाही नसतील, आणि तिन्ही नावं तीन दिशांनी आलेली. गंजीफ्रॉक हे मूळचं 'गर्न्झी फ्रॉक'. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीत गर्न्झी नावाचं बेट आहे. तिथले खलाशी आणि कोळी अंगाबरोबर बसणारा विणलेला लोकरीचा अंगरखा घालत. ते नाव जहाजांबरोबर फिरत फिरत इथं पोचलं आणि लोकरीच्या जागी सूत आलं. म्हणजे ज्या कोळीनृत्यात मी सदरा घालून उभा राहिलो, त्या पोशाखातल्या बनियनचं गंजीफ्रॉक हे नावही एका दूरच्या बेटावरच्या कोळ्यांकडूनच आलेलं. बनियन आपल्याच बनियांवरून निघालेला शब्द, परदेशात जाऊन कपड्याचं नाव होऊन परत आलेला. आणि सँडो हा तर चालताबोलता माणूस होता. युजेन सँडो, १८६७ साली प्रशियातल्या कोनिग्सबर्गला जन्मलेला, पिळदार अंग रंगमंचावर दाखवून जग फिरलेला. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आजही मिस्टर ऑलिम्पिया जिंकणाऱ्याला जो पुतळा देतात तो सँडोचाच.

आपल्याकडे त्याचं वेड किती खोल गेलं होतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे साताऱ्याकडचं औंध, आपल्या पुणे विद्यापीठापलीकडचं नव्हे. सूर्यनमस्कार घराघरात नेणारा राजा म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी सँडोच्या पद्धतीनं नेमानं व्यायाम केला होता. एका राजाला आपलं शरीर घडवावंसं वाटलं आणि त्यानं त्यात संकोच मानला नाही, हे वाचलं तेव्हा मला आधार वाटला.

पाचव्या दिवशी मी कपडा घ्यायला बाहेर पडलो.

पहिली खरेदी फसली. मोबाइलवर बघून मागवला तो स्ट्रिंगर निघाला. पाठीवर इंग्रजी वाय अक्षरासारखी एक बारीक पट्टी, खांद्यावर बुटाच्या नाडीपेक्षा जरा रुंद दोन पट्ट्या, आणि बगलेखालून बरगड्यांपर्यंत उघडा. आरशापुढे उभा राहिलो तर तो कपडा माझ्या अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. आमच्या जिममध्ये स्पर्धेची तयारी करणारा एक मुलगा आहे. त्याच्या अंगावर स्ट्रिंगर इतका शोभतो की बघत राहावं. काखेखाली बरगड्यांना धरून बसलेले ते बोटांसारखे स्नायू, पाठीचे पंख, खांद्याचे तिन्ही भाग सुटे सुटे. त्याला ते रोज तपासायचे असतात, आणि त्याच्या अंगावर बघण्यासारखंही आहे. माझ्या अंगावर तो सारखा सरकत होता, वाकलो की एका बाजूनं अख्खी छाती बाहेर. किती उघडं टाकायचं हे ज्याच्या त्याच्या शरीरानं ठरवावं, दुकानातल्या फोटोतल्या शरीरानं नव्हे. शिवाय बारीक पट्ट्यांच्या स्ट्रिंगरला काही जिममध्ये मनाई असते, ते आधी विचारून घेतलेलं बरं.

मग लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या होजिअरीच्या दुकानात गेलो. "नंबर?" गल्ल्यावरच्या आजोबांनी विचारलं. मी म्हणालो, "नव्वद." नव्वद हा माझ्या वडिलांनी घेऊन दिलेल्या बनियनचा नंबर. तोच मी जन्मभर सांगत आलोय. त्यांनी चष्म्यावरून माझ्या छातीकडे एकदा बघितलं आणि न बोलता पंच्याण्णव आणि शंभर असे दोन्ही काढून ठेवले. पांढरं, उभ्या रेघांच्या विणीचं, मऊ सूत. घरी घालायला उत्तम. जिममध्ये पहिल्याच दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक, घामानं भिजलेलं पांढरं बनियन असून नसल्यासारखं होतं. दोन, सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. हाताला कोरडा लागणारा सुती कपडाही आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल हवेतून घेऊन बसलेला असतो, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. त्यामुळे चाळीस मिनिटांनी सुती बनियन अंगावर ओल्या फडक्यासारखं जड होतं आणि पॉलिस्टरचं तोवर वाळायला लागतं.

आणि वाळण्याला महत्त्व आहे. घामानं आपल्याला गार वाटतं ते तो उडून गेल्यावर. एक लिटर घाम उडून जाताना शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो, पण हनुवटीवरून टपटप फरशीवर पडलेला घाम काहीच नेत नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये हवा कोरडी, तेव्हा कुठलाही कपडा चालून जातो. जुलैमध्ये भिंतींनाही ओल आलेली असते, बाल्कनीतली दोरी तीन-तीन दिवस रिकामी होत नाही. त्या दिवसांत उघडी कातडी जितकी जास्त तितकं बरं वाटतं. काख, दंड, मानेची मागची बाजू यांना वारा लागला तर शेवटच्या सेटपर्यंत जीव टिकतो. बिनबाह्यांचा कपडा घालण्याचं हे मला सर्वांत खरं कारण वाटायचं. निदान घरी सांगण्यापुरतं.

पॉलिस्टरचाही एक अवगुण आहे, तो सांगायला हवा. अंगातलं तेल आणि त्याचा वास ते सुतापेक्षा चिवटपणे धरून ठेवतं. जिमची बॅग संध्याकाळपर्यंत बंद राहिली की तो कपडा धुतला तरी पुन्हा अंग तापल्यावर वास सोडतो. घरी आल्याबरोबर पाण्यात टाकायचा, एवढा एकच उपाय मला लागू पडला. बेंचवर झोपून छातीचा व्यायाम करताना गुळगुळीत पॉलिस्टर रेक्झिनवरून घसरतं, तिथं सुताची पकड चांगली. आणि पाठ उघडी असली तर बेंचवर टॉवेल टाकलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. आपल्यानंतर तिथं दुसऱ्याची उघडी पाठ टेकणार असते. स्क्वॉट मारताना बारच्या खरबरीत लोखंडाखाली मानेच्या मागं थोडं कापड असलेलं चांगलं, नाहीतर साल निघते. म्हणून मला पाठीवर रुंद आणि खांद्याच्या टोकांशी मोकळा असा कट हवा होता. हे सगळं मला चार चुकीचे कपडे घेऊन कळलं.

पाचवा कपडा कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर मिळाला. गडद निळा, सुतात पॉलिस्टर मिसळलेला, हातात घेतला तर ना जाड ना झिरझिरीत. राखाडी मी हट्टानं टाळला. फिक्या राखाडीवर घामाचा प्रत्येक थेंब दिसतो, काखेखालची अर्धचंद्रं दिसतात, आणि माझं मन मग त्यातच अडकतं. निळा कपडा छातीला बसला, पोटावरून सरळ खाली आला, कंबरेच्या हाडाशी संपला. पोट आहे माझं थोडं. घट्ट कपडा ते रेखून दाखवतो, ढगळ कपडा त्याचा तंबू करतो. छातीवर बसून खाली मोकळा सुटणारा असला तर नजर आपोआप वर, खांद्यांवर जाते. खांद्याची पट्टी मानेकडे सरकलेली असली तर खांदा रुंद दिसतो, कारण गोल हाड पूर्ण मोकळं होतं. पण फार सरकली तर उतरते खांदे आणखी उतरतात. माझे उतरते आहेत. मला तीन बोटं रुंदीची पट्टी हवी. फक्त बगलेखाली तो फार खोल होता. हात वर केला की बाजूनं बरगड्यांपर्यंत सगळं मोकळं आणि छातीपाशी कापडाचा चोच निघाल्यासारखा फुगा. परत करायची सोय तिथं नसते. घरी घेऊन आलो आणि कपाटात टाकला.

तो आईनं बघितला.

आईनं चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत. आधी वाड्यात, खिडकीपाशी उषाच्या पायमशीनवर, मग आम्ही सिंहगड रोडला राहायला आलो तेव्हा तेच मशीन बाल्कनीत. आता चौऱ्याहत्तरची आहे, बाहेरचं घेत नाही, पण गल्लीतल्या दोघी-तिघी अजून येतात, "काकू, तुमच्यासारखा मुंढा कुणाला जमत नाही" म्हणत. मुंढा म्हणजे हात बाहेर येतो ते भोक, पण आईपुढे त्याला भोक म्हणायची सोय नाही. घरात मुंढा हा शब्द मी लहानपणापासून मीठ-मोहरीसारखा ऐकत आलो. मुंढा दाटतोय, मुंढा उघडा पडतोय, मागचा मुंढा पाव इंच आत घे. कधी तो शब्द माझ्या अंगाला लागू होईल असं वाटलं नव्हतं. पुरुषांच्या कपड्यात मुंढ्याचा विचार कोण करतं? आम्हाला एस, एम, एल, आणि वर चार एक्स.

तिनं तो निळा कपडा उलटा केला, शिवण बघितली, खांद्याला धरून झटकला. "घाल बघू."

मी घातला. आईपुढे, दिवाणखान्यात, दुपारी चार वाजता. इतक्या वर्षांत तिनं माझे दंड बघितले नव्हते हे मला त्या क्षणी कळलं.

"हात वर कर. पुढे घे, मिठी मारल्यासारखे. आता वाक."

हे तिचं ब्लाउजचं ट्रायल. हात वर केला की कापड किती चढतं, मिठीत पाठ दाटते का, वाकलं की गळ्यातून किती दिसतं. मी दुकानातल्या आरशापुढे नुसता ताठ उभा राहून कपडे निवडत आलो होतो. व्यायामात माणूस ताठ उभा किती वेळ असतो?

"मुंढा दीड इंच खाली गेलाय," ती म्हणाली. "लोकांना वाटतं मुंढा खोल म्हणजे हात मोकळा. उलट असतं. बाही लावलेल्या कपड्यात मुंढा जितका काखेला धरून, तितका हात सुटा फिरतो. खाली ओढला की हाताबरोबर सगळा कपडा वर जातो. तुझ्या त्या ढगळ टी-शर्टांचं तेच होतं, हात वर केलास की पोट उघडं पडतं. मला इथून दिसतं ना, तू कपडे वाळत घालताना."

मग तिनं खांद्यावर कापड चिमटीत धरलं आणि उचललं. फक्त एवढंच. मुंढा वर आला, गळाही वर आला, काखेपाशचा फुगा गेला, आणि आरशात मला माझा खांदा दिसला. कापडाच्या कडेपासून गोल वळून दंडावर उतरणारा, मध्ये एक हलकी खाच असलेला. तो माझा होता. दोन वर्षं मी तो घडवत होतो आणि बघत नव्हतो.

मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला हवं, कारण त्यासाठीच हा सगळा लेख आहे. मला मी छान दिसलो. खांदा दुखतो म्हणून, घाम वाळतो म्हणून, ट्रेनरला चुका दिसाव्यात म्हणून, ही सगळी कारणं खरी होती आणि ती मी सगळ्यांना सांगितली असती. पण त्याखाली एक साधी इच्छा होती. आपण छान दिसावं. कुणीतरी बघावं. आपल्याकडे बाईनं नटलं तर निदान तिला तसं म्हणायला शब्द आहेत, सणवार आहेत. पुरुषाला नटायचं असेल तर त्यानं दुसरं काहीतरी कारण सांगायचं असतं. मला आता ते कारण सांगायचं नाही. मी हा कपडा निवडतो कारण त्यात माझे खांदे चांगले दिसतात.

आई खांद्याची शिवण उसवत होती. मी विचारलं, "हे कापड मशीनवर येईल का? ताणतं ते." तिनं सुयांच्या डबीतून गोल टोकाची सुई काढली. साध्या सुईनं होजिअरीच्या विणीतला धागाच तुटतो आणि भोकं पडत जातात, गोल टोकाची धागा बाजूला सारून जाते. खांद्याच्या शिवणीत तिनं आतून पातळ सुती फीत घातली, म्हणजे घामानं जड झालं तरी खांदा लोंबणार नाही. एक इंच दाबून टीप मारली. बाजूला अर्धा-अर्धा इंच आत.

टीप मारता मारता म्हणाली, "मी बिनबाह्यांचे किती शिवले असतील. एका लग्नसराईत तर शंभरावर. माझ्यासाठी एकही नाही."

"का?"

मशीनचं चाक फिरत राहिलं. "तेव्हा चालायचं नाही आपल्याकडे," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "माझे दंड चांगले होते."

मला काय बोलावं ते सुचलं नाही. बाहेर कुणीतरी पार्किंगमध्ये गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जिममध्ये गेलो. आत शिरल्यावर पाच मिनिटं जॅकेट काढलं नाही, हेही खरं. मग काढलं. कुणी मान वर करून बघितलं नाही. ज्यांनी बघितलं त्यांनी जिममध्ये बघतात तसं बघितलं, क्षणभर, आणि आपल्या सेटकडे वळले. आमच्याकडे सकाळी एक निवृत्त गृहस्थ येतात, सत्तरीच्या पुढचे, पांढऱ्या सँडोत, दंडांची कातडी सैल झालेली, आणि लॅट पुलडाउनला असे बसतात की पाठीची काठी व्हावी. पलीकडे बँकेत काम करणारी एक ताई रेसरबॅक, म्हणजे पाठीवर मधोमध पट्ट्या जुळणारं बनियन, घालून डेडलिफ्ट मारते, तिच्या पाठीत प्रत्येक रेपला दोन पन्हाळी उमटतात. ही दोघं मला रोज दिसत होती. तरी उघड्या दंडांची माणसं म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे फक्त पंचविशीतली पिळदार पोरंच यायची. लाजेनं नजर अशी अरुंद होते.

ट्रेनर मागे येऊन उभा राहिला. "मारा."

मी पाच किलोचे डंबेल्स घेतले. पहिल्याच रेपला तो म्हणाला, "थांबा. बघा आता." आणि मलाही दिसलं. डावा हात सरळ वर जात होता. उजवा निघायच्या आधीच मानेजवळचा स्नायू गोळा होऊन खांदा कानाकडे उचलत होता आणि कोपर मागे पडत होतं. मागून त्याला दिसलं की उजवा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, तोही पाठीला धरून फिरत नाही, सुटतो. दोन महिने मी त्या खांद्यावर वजन चढवत होतो. त्यानं दोन बोटं माझ्या फऱ्यावर ठेवली, "इथून ढकला," आणि वजन अडीच किलोवर आणलं. अडीच किलो, निळ्या कपड्यात, आरशासमोर. तीन आठवडे तेच केलं. सीटबेल्टची कळ आधी कमी झाली, मग एक दिवस लक्षात आलं की पाकीट सहज निघालंय.

आता माझ्याकडे असे तीन आहेत. निळा, काळा आणि एक मातकट लाल. लाल रंगावर घाम दिसतो, पण त्यात माझा सावळा रंग उजळतो म्हणून मी तो पायांच्या व्यायामाच्या दिवशी घालतो, तेव्हा वरचं अंग कमी भिजतं. काखेतले केस कात्रीनं बारीक ठेवतो, कुणी सांगितलं म्हणून नाही, हात वर करायचे म्हटल्यावर तेवढी टापटीप मला बरी वाटते. पाठीवरचे तसेच आहेत. बायको म्हणाली, "हा काळा घालून भाजी आणायला जाऊ नकोस हं," आणि पुढच्या रविवारी तळजाईवर फिरायला जाताना तिनंच तो बाहेर काढून ठेवला.

परवा चौथा आणला. तुळशीबागेकडून येताना एका दुकानात दिसला, गर्द हिरवा, कापड उत्तम, मुंढा पुन्हा खोल. आईकडे दिला तर ती म्हणाली, "दरवेळी उसवून किती दुरुस्त करायचं? कापड आण, मीच कापते. इकडे ये."

तिनं गळ्यातली टेप काढली. मी तिच्यापुढे उघड्या अंगानं उभा राहिलो. कारखान्यात मी एका पुर्ज्याची दहा मापं दशांश मिलिमीटरमध्ये काढतो, स्वतःच्या अंगाला टेप कधी लावली नव्हती. तिचे हात गार होते. ती माझ्या काखेखालून टेप फिरवत होती तेव्हा मी नकळत श्वास ओढून धरला.

"छाती फुगवू नकोस," ती म्हणाली. "नेहमी उभा राहतोस तसा राहा."

मी श्वास सोडला. तिनं टेपवर नखानं खूण धरली, वाकून चष्म्यातून आकडा वाचला, आणि ब्लाउजच्या मापांची ती लांबट वही उघडली. गेल्या चाळीस वर्षांतल्या गल्लीतल्या बायकांची नावं, त्यांच्या लग्नाआधीची आणि बाळंतपणानंतरची मापं. शेवटच्या पानावर तिनं माझं नाव लिहिलं. छाती ३९. खांदा १७. पट्टी अडीच. मग थांबून टेप पुन्हा माझ्या दंडाभोवती वळवली, काखेतून वर घेतली, एक बोट आत घालून सैल केली.

मुंढा १८, तिनं लिहिलं, आणि त्याखाली रेघ मारली.